चावीचा फोनो
आमच्या घरी चावीचा फोनो होता. लाखेची काळी तबकडी, मिनिटाला ७८ फेरे, एका बाजूला जेमतेम तीन मिनिटांचं गाणं. १९७२च्या दुष्काळात अर्धं गाव खडी फोडायला जाई. तेव्हा बाबांनी फोनो वाशीमच्या बाजारात विकायला नेला. मीही सोबत होतो. त्यांनी चावी भरली, गाणं लावलं. गर्दी जमली, पण भाव कोणी विचारला नाही. ज्याच्याजवळ चार पैसे होते, त्याला ट्रान्झिस्टर हवा होता. एक म्हातारा म्हणाला, ‘‘गानं गोड हाय बाप्पा, पन पोटाले जवारी लागते.’’ सांजच्याला फोनो डोक्यावर घेऊन परतलो. मायनं रिकामी पिशवी पाहिली, काही बोलली नाही. त्यानंतर बरेच दिवस बाबांनी चावीला हात लावला नाही.