आपल्या गरम पाण्याचा इतिहास

भूमिपूजन, कन्व्हेयन्स वगैरे सेक्रेटरींनी लिहिलेच आहे. मी गरम पाण्याचे लिहितो.

बोअरच्या क्षारांनी सोलरच्या नळ्या चोंदल्या, तेव्हा गच्चीवर हीट पंप आला. हा हवेतली उष्णता ओढून पाण्यात सोडतो. एका युनिट विजेत साधारण तीन युनिटांची उष्णता. कल्पना जुनीच. झुरिकच्या नगरभवनात १९३८ साली नदीच्या पाण्यातून उष्णता घेणारा पंप बसला होता.

देखभालीसाठी तीन कोटेशने आली. मी खजिनदार. बँकेची सवय, सर्वांत कमी दरावर टिक केली. ठेकेदार बाहेरगावचा. ऐन डिसेंबरात पंप बंद पडला आणि "उद्या माणूस पाठवतो" हे आपण सहा दिवस ऐकले. ए विंगमधल्या आजींचे गुडघ्याचे ऑपरेशन नुकतेच झालेले. त्यांच्यासाठी गॅसवर तापवलेले पातेले उचलताना सूनबाईंचा हात भाजला. मला कुणी एक शब्द बोलले नाही, तेच जास्त लागले.

मग आपल्याच रस्त्यावरच्या फ्रीज-एसीवाल्याला गाठले. हीट पंप म्हणजे उलटा एसीच की! कॉम्प्रेसर, कॉइल, गॅस सगळे तेच. त्याने कॉइलमधली धूळ आणि कबुतरांची पिसे काढली, क्षार धुतला. दर जास्त, पण दर तीन महिन्यांनी येऊन वहीत सही करतो.

त्याच्या कंत्राटाचा ठराव मीच मांडला. अनुमोदन सूनबाईंनी दिले. हाताची पट्टी अजून निघायची होती.