अपूर्ण कथा, अपूर्ण इतिहास : ‘सावित्रीजोती’ मालिकेच्या निमित्ताने क्रमशः कथनाच्या अर्थव्यवहाराचा अभ्यास

प्रस्तावना

सावित्रीबाई व जोतीराव फुले यांच्या जीवनावरील ‘सावित्रीजोती’ ही दैनंदिन मालिका जानेवारी २०२० मध्ये सोनी मराठी वाहिनीवर सुरू झाली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरअखेर बंद झाली. दशमी क्रिएशन्स या संस्थेने तिची निर्मिती केली होती. ओंकार गोवर्धन यांनी जोतीरावांची, तर अश्विनी कासार यांनी सावित्रीबाईंची भूमिका साकारली. फुले-साहित्याचे अभ्यासक प्रा. हरी नरके यांनी मालिका बंद होत असल्याबद्दल त्या वेळी जाहीरपणे खंत व्यक्त केली होती. बंद होण्याचे कारण म्हणून टीआरपी कमी असल्याचे सांगितले गेले. या दांपत्याचा जीवनपट विस्ताराने पूर्ण होण्याआधीच मालिकेचा पडदा पडला.

अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्याच्या दृष्टीने ही घटना दूरची नाही. अमेरिकन मराठी मिशनच्या मिस सिंथिया फरार यांनी १८३९ पासून १८६२ मध्ये मृत्यू येईपर्यंत नगर येथे मुलींच्या शिक्षणाचे कार्य केले. तेथील मुलींच्या शाळा पाहून जोतीरावांना पुण्यात तशी शाळा काढण्याची प्रेरणा मिळाली, अशी नोंद चरित्रकारांनी केली आहे. सावित्रीबाईंनी अध्यापनाचे प्रशिक्षण फरारबाईंच्या संस्थेत घेतले, असेही चरित्रग्रंथ सांगतात. म्हणजे या कथेचा आरंभ काही अंशी नगरच्या भूमीत आहे. आरंभ सर्वांस ठाऊक असलेली ही कथा शेवटापर्यंत का पोहोचू शकली नाही, हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे. आज ओटीटी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या स्ट्रीमिंग सेवाही अनेक मालिका मध्येच थांबवितात. त्यामुळे या प्रश्नाचा विचार एका मालिकेपुरता मर्यादित ठेवता येत नाही.

उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

१) क्रमशः सांगितल्या जाणाऱ्या कथा अपूर्ण राहण्यामागील आर्थिक कारणे शोधणे.
२) कथन पूर्ण होणाऱ्या व न होणाऱ्या व्यवस्थांची तुलना करणे.
३) अपूर्ण कथनाचा समाजाच्या इतिहासस्मृतीवर होणारा परिणाम तपासणे.

निबंधासाठी ऐतिहासिक व तुलनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. प्रस्तुत लेखकाचे गृहीतक असे की, कथा पूर्ण होणे हे केवळ तिच्या गुणवत्तेवर किंवा श्रोत्यांच्या आवडीवर अवलंबून नसते. कथेचा खर्च कोण उचलतो आणि शेवट केव्हा ठरविला जातो, या दोन गोष्टी अधिक निर्णायक असतात.

समाप्तीची परंपरा : पारायण आणि सप्ताह

क्रमशः कथन आपल्याकडे दूरचित्रवाणीने आणले, असे मानणे इतिहासाला धरून होणार नाही. ज्ञानेश्वरी ज्या नेवाशात शके १२१२ (इ. स. १२९०) मध्ये सिद्ध झाली, ते नेवासे याच जिल्ह्यात आहे. ज्ञानेश्वरीचे अठरा अध्याय सात दिवसांत वाचण्याची प्रथा आजही गावोगावी सप्ताहाच्या रूपाने चालू आहे. या व्यवस्थेचे दोन विशेष लक्षात घेण्यासारखे आहेत. एक म्हणजे, वर्गणी देणारा आणि श्रवण करणारा हे बहुधा एकच असतात. दुसरे म्हणजे, समाप्तीचा दिवस आरंभीच ठरलेला असतो. काल्याचे कीर्तन झाल्याशिवाय सप्ताह पूर्ण झाला असे कोणी मानत नाही. तिसऱ्या दिवशी मंडपात गर्दी कमी झाली म्हणून चौथ्या दिवसाचे पारायण रद्द होत नाही. येथे पूर्णत्व हाच कथनाचा धर्म मानला गेला आहे.

नियतकालिकातील क्रमशः कादंबरी

एकोणिसाव्या शतकात मुद्रणाबरोबर क्रमशः कथनाला नवे माध्यम लाभले. हरि नारायण आपटे यांनी १८९० मध्ये ‘करमणूक’ हे साप्ताहिक सुरू केले. ‘पण लक्षात कोण घेतो!’ ही त्यांची कादंबरी या पत्रातूनच क्रमशः प्रसिद्ध झाली व पूर्णत्वास गेली. वाचक वर्गणीदार होता आणि संपादक व लेखक एकच व्यक्ती होती. त्यामुळे एखादी कादंबरी चालू ठेवण्याचा निर्णय त्रयस्थाच्या हाती नव्हता. तरीही आपट्यांचे सर्वच लेखन पूर्ण झाले नाही. ‘कर्मयोग’ ही त्यांची अखेरच्या काळातील कादंबरी अपूर्ण राहिली. इंग्लंडमध्ये चार्ल्स डिकन्स यांची शेवटची कादंबरी बारा भागांत प्रसिद्ध व्हावयाची होती. १८७० मध्ये लेखकाचा मृत्यू झाल्याने तिचे सहाच भाग वाचकांच्या हाती आले.

या उदाहरणांत कथा खंडित होण्याचे कारण लेखकाच्या आयुष्याशी निगडित आहे. कथा चालू असताना आणि लेखक लिहावयास तयार असताना, ती ऐकणाऱ्यांची संख्या मोजून तिसऱ्याच पक्षाने ती थांबविण्याचा प्रकार पुढील शतकात रूढ झाला.

दूरदर्शन : ठरलेला शेवट

पंडित नेहरू १९४२ ते १९४५ या काळात नगरच्या भुईकोट किल्ल्यात बंदिवासात होते. तेथे १९४४ मध्ये एप्रिल ते सप्टेंबर या पाच महिन्यांत त्यांनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ हा ग्रंथ लिहिला. त्यावर आधारित ‘भारत एक खोज’ ही श्याम बेनेगल यांची मालिका १९८८ पासून दूरदर्शनवर प्रसारित झाली. सिंधू संस्कृतीपासून स्वातंत्र्यापर्यंतचा प्रदीर्घ प्रवास तिने ५३ भागांत पूर्ण केला. विशेष म्हणजे तीत महात्मा फुले यांची भूमिका नगर जिल्ह्याचे सुपुत्र सदाशिव अमरापूरकर यांनी केली होती.

प्राचीन वाङ्मय, मध्ययुगीन राज्यव्यवस्था, सामाजिक सुधारणा असे विषय असलेली ही मालिका लोकानुरंजनाच्या रूढ कल्पनेत बसणारी नव्हती. तरीही ती पूर्ण झाली, कारण तिचा आराखडा व व्याप्ती आधी निश्चित होती आणि तिच्यामागे शासकीय प्रसारमाध्यम उभे होते. या व्यवस्थेत नोकरशाहीचे व शासकीय दृष्टिकोनाचे दोष होते, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु आरंभिलेला इतिहास शेवटापर्यंत सांगण्याची हमी तिच्यात होती.

उपग्रह वाहिन्या आणि टीआरपी

१९९९-२००० च्या सुमारास मराठीत खासगी उपग्रह वाहिन्या आल्या आणि दैनंदिन मालिकांचे युग सुरू झाले. या व्यवस्थेत वाहिनीच्या उत्पन्नाचा मुख्य आधार जाहिरातदार असतो. जाहिरातदार कथा विकत घेत नाही; तो सायंकाळच्या एका विशिष्ट अर्ध्या तासात पडद्यासमोर असलेली माणसे विकत घेतो. त्यांची गणना म्हणजे टीआरपी. २०१५ पासून ही गणना बार्क ही संस्था प्रसिद्ध करीत आली. २०२० च्या सुमारास देशातील सुमारे २१ कोटी दूरचित्रवाणीधारक कुटुंबांसाठी सुमारे ४४ हजार घरांत मापनयंत्रे बसविलेली होती. म्हणजे साधारणपणे पावणेपाच हजार कुटुंबांमागे एक घर. ऑक्टोबर २०२० मध्ये याच आकड्यांत फेरफार होत असल्याच्या आरोपावरून मुंबई पोलिसांनी गुन्हा नोंदविला आणि वृत्तवाहिन्यांचे साप्ताहिक आकडे काही काळ स्थगित झाले. मनोरंजन वाहिन्यांची गणना मात्र चालूच राहिली.

या व्यवस्थेत शेवट आधी ठरलेला नसतो. त्यातून परस्परविरुद्ध वाटणारे दोन परिणाम संभवतात. प्रेक्षकसंख्या टिकली तर कथा संपू दिली जात नाही. २००१ ते २०१३ या काळात चाललेल्या ‘चार दिवस सासूचे’ या मालिकेचे तीन हजारांहून अधिक भाग झाले. प्रेक्षकसंख्या घसरली तर कथा पूर्ण होऊ दिली जात नाही. अतिविस्तार आणि अकाली समाप्ती ही एकाच अर्थव्यवहाराची दोन रूपे आहेत.

मराठी प्रेक्षकाला इतिहास नको असतो, असा निष्कर्ष येथे काढणे योग्य ठरणार नाही. २०१७ मध्ये सुरू झालेली ‘स्वराज्यरक्षक संभाजी’ ही झी मराठीवरील मालिका फेब्रुवारी २०२० मध्ये संभाजी महाराजांच्या बलिदानापर्यंतचे कथानक पूर्ण करूनच थांबली. लढाया व राजकारण यांत प्रत्येक भागाला पुरेल असे नाट्य सहज सापडते. शाळा चालविणे, पाण्याचा हौद खुला करणे, दुष्काळात मुलांना जेवू घालणे, आयोगापुढे निवेदन देणे या कार्याचे महत्त्व वर्षानुवर्षांच्या सातत्यात असते. आठवड्याच्या आकड्याने मोजल्यास संथ सातत्याचा पराभव होण्याची शक्यता अधिक असते. त्यातच मार्च २०२० नंतरच्या टाळेबंदीने सर्वच मालिकांचे चित्रीकरण काही महिने थांबले. नव्या मालिकेला प्रेक्षकांची सवय जडण्याच्या काळातच हा खंड पडला. वाहिनीची बाजूही समजून घ्यावयास हवी. ऐतिहासिक मालिकेतील नेपथ्य व वेशभूषा यांचा खर्च कौटुंबिक मालिकेपेक्षा अधिक असतो आणि तो भरून काढण्याचा दुसरा मार्ग तिच्यापुढे फारसा नसतो. त्यामुळे दोष एका वाहिनीचा नसून व्यवस्थेचा आहे.

स्ट्रीमिंग सेवा : मोजमाप बदलले, तत्त्व तेच

स्ट्रीमिंग सेवांत प्रेक्षक स्वतः वर्गणी भरतो. म्हणून येथे ‘करमणूक’च्या काळातील नाते पुन्हा प्रस्थापित होईल, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात तसे झाले नाही. वर्गणीदार एका कथेसाठी पैसे देत नाही, संपूर्ण भांडारासाठी देतो. म्हणून सेवेच्या दृष्टीने एखाद्या कथेचे मूल्य, ती किती नवे वर्गणीदार आणते व किती जुने टिकविते, यावरून ठरते. पहिले पर्व नवे वर्गणीदार आणते. तिसऱ्या-चौथ्या पर्वापर्यंत कलावंतांचे मानधन व निर्मितीखर्च वाढतो. आधीची पर्वे न पाहिलेला प्रेक्षक मात्र तेथून आरंभ करीत नाही. जुनी कथा पूर्ण करण्यापेक्षा नवी सुरू करणे अशा वेळी किफायतशीर ठरते. पहिल्या काही आठवड्यांत किती प्रेक्षकांनी सर्व भाग संपविले, हा आकडाही निर्णयात महत्त्वाचा असतो.

येथून एक दुष्टचक्र सुरू होते. कथा अपूर्ण राहण्याचा अनुभव आलेला प्रेक्षक ती पूर्ण होईपर्यंत थांबतो. तो थांबल्यामुळे आरंभीचा आकडा कमी भरतो आणि त्या आकड्यामुळे कथा बंद होते.

मुंबईच्या पार्श्वभूमीवरील ‘सेक्रेड गेम्स’ ही नेटफ्लिक्सवरील मालिका २०१८ व २०१९ अशा दोन पर्वांनंतर थांबली. विक्रम चंद्रा यांची मूळ कादंबरी २००६ मध्येच पूर्ण स्वरूपात प्रसिद्ध झालेली असताना, पडद्यावर मात्र शहरावरील संकटाचे पुढे काय झाले, हे अनिश्चितच राहिले. याउलट सुहास शिरवळकर यांच्या कादंबरीवरील ‘समांतर’ ही मराठी वेबमालिका २०२० व २०२१ मधील दोन पर्वांत पूर्ण झाली. मर्यादित व्याप्तीची कथा या व्यवस्थेतही तडीस जाऊ शकते, असे यावरून दिसते. तथापि निर्णयाचे आकडे प्रेक्षकापुढे येत नाहीत. नेटफ्लिक्सने आपल्या बहुतांश कार्यक्रमांच्या पाहण्याच्या तासांचा अहवाल डिसेंबर २०२३ मध्ये प्रथम प्रसिद्ध केला. पण बंद करण्याच्या निर्णयाची कारणे त्यातून कळत नाहीत.

अपूर्ण कथेत काय गमावले जाते

काल्पनिक कथा अपूर्ण राहिल्यास प्रेक्षकाची निराशा होते. ऐतिहासिक कथा अपूर्ण राहिल्यास समाजाची स्मृती अपुरी राहते. बालविवाह, अक्षरओळख, १८४८ ची भिडेवाड्यातील शाळा, अंगावर फेकलेले शेण व चिखल हा भाग पाठ्यपुस्तकांतून, भाषणांतून व जयंतीच्या कार्यक्रमांतून वारंवार सांगितला जातो. पदवी वर्गात अध्यापन करताना प्रस्तुत लेखकाला असा अनुभव येतो की, विद्यार्थ्यांची सावित्रीबाईंविषयीची माहिती बहुधा येथेच संपते.

वास्तविक त्यानंतर सावित्रीबाई जवळजवळ अर्धे शतक कार्यरत होत्या. १८५४ मध्ये त्यांचा ‘काव्यफुले’ हा संग्रह प्रसिद्ध झाला. १८६३ मध्ये बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू झाले. १८६८ मध्ये घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला करण्यात आला. २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाजाची स्थापना झाली. १८७६-७७ च्या दुष्काळात अन्नदानाचे कार्य झाले. १८८२ मध्ये जोतीरावांनी हंटर आयोगाला निवेदन दिले. २८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीरावांचे निधन झाल्यावर अंत्ययात्रेत टिटवे सावित्रीबाईंनी हाती धरले, असे चरित्रकार सांगतात. १८९३ मध्ये सासवड येथील सत्यशोधक परिषदेचे अध्यक्षस्थान त्यांनी भूषविले. १० मार्च १८९७ रोजी प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना त्याच रोगाने त्यांचा मृत्यू झाला. शेवटची सात वर्षे त्या पतीच्या पश्चात स्वतंत्रपणे चळवळीचे नेतृत्व करीत होत्या. तो भाग वगळल्यास त्या केवळ एका थोर पुरुषाच्या सहचारिणी व पहिल्या शिक्षिका म्हणून उरतात. चळवळीच्या नेत्या म्हणून त्यांची ओळख होतच नाही. कथा कोठे थांबते यावर व्यक्तीचे ऐतिहासिक स्थान ठरते, ते असे.

‘सत्यशोधक’ (२०२४) व ‘फुले’ (२०२५) हे चित्रपट अलीकडे प्रदर्शित झाले. चित्रपट शेवटासह तयार होऊनच प्रेक्षकापुढे येतो, हा त्याचा लाभ आहे. परंतु पन्नास वर्षांचे कार्य दोन-अडीच तासांत विस्ताराने मांडता येत नाही. तो अवकाश मालिकेपाशी होता.

निष्कर्ष

१) क्रमशः कथेचा खर्च श्रोता किंवा वाचक थेट उचलतो आणि शेवट आधी ठरलेला असतो, तेथे कथा पूर्ण होण्याची शक्यता अधिक असते.
२) खर्च उचलणारा व ऐकणारा वेगळे झाले की कथेचे आयुष्य आठवड्याच्या वा महिन्याच्या आकड्यांवर ठरू लागते.
३) स्ट्रीमिंग सेवांत वर्गणीदार असला तरी तो एका कथेचा आश्रयदाता नसतो, म्हणून तेथेही अकाली समाप्ती टळत नाही.
४) सामाजिक सुधारणेच्या संथ इतिहासाला या मोजमापाचा फटका अधिक बसतो.
५) चरित्रात्मक मालिकांची भागसंख्या व शेवट आरंभीच निश्चित करून त्यांना सार्वजनिक निधीचे साहाय्य देणे, हा विचारात घेण्याजोगा पर्याय आहे.

समारोप

प्रेक्षकांनी पाठ फिरविली म्हणून मालिका बंद पडली, हे उत्तर सोपे आहे. पण पुरेसे नाही. कोणत्या प्रेक्षकांची, किती काळात आणि कोणासाठी गणना झाली, हेही इतिहासाच्या अभ्यासकाने विचारले पाहिजे. वाहिन्यांचे निर्णय प्राध्यापकांच्या हाती नाहीत. वर्गातील तास मात्र आहेत. सावित्रीबाईंचा धडा १८४८ च्या शाळेपाशी न थांबविता १८९७ च्या प्लेगपर्यंत नेणे आपल्याला शक्य आहे. फरारबाईंच्या नगरमध्ये अध्यापन करणाऱ्यांवर ही जबाबदारी काकणभर अधिकच येते.