गोधडी आणि सुई : रुग्णशय्येच्या कचऱ्याचा इतिहास

काही महिन्यांपूर्वी कोल्हापुरातील एका वृद्ध, आजारी भगिनीला ख्रिस्तप्रसाद देण्यासाठी आम्ही त्यांच्या घरी गेलो होतो. मधुमेहाच्या त्या जुन्या रुग्ण. प्रार्थना आटोपली, चहा झाला, तोच खाली घंटागाडीची घंटा वाजली. सूनबाईंनी लगबगीने सकाळची इन्शुलिनची सुई भाजीच्या देठांबरोबर पिशवीत बांधली आणि दाराशी ठेवली. गाडीवरच्या बाईंनी ती पिशवी उघड्या हाताने उचलली. त्या दिवशी कोणालाही इजा झाली नाही. पण जिना उतरताना आमच्या मनात एकच प्रश्न घोळत राहिला. आजार आपल्या घरातून निघून जातो, तेव्हा तो कोणाच्या हातात जातो?

हा प्रश्न फार जुना आहे. जुन्या करारातील लेवीय पुस्तकाच्या तेराव्या अध्यायात चट्टा पडलेल्या वस्त्रासंबंधीचे नियम आहेत. याजकाने वस्त्र पाहावे, सात दिवस वेगळे ठेवावे, डाग पसरला असेल तर ते जाळावे. पसरला नसेल तर धुऊन पुन्हा सात दिवस ठेवावे, असा तो क्रम आहे. त्यामागे आजचे जंतुशास्त्र नव्हते. तरीही आधी पाहणे, मग वेगळे करणे आणि शेवटी नष्ट करणे ही शिस्त त्यात आहे. पुढील इतिहास पाहता, माणसाने हा क्रम मोडला तेव्हा तेव्हा अनर्थ ओढवला, असे आम्हांला दिसते.

आपल्या महाराष्ट्राने तो अनर्थ प्लेगच्या रूपाने अनुभवला. सप्टेंबर 1896 मध्ये मुंबईच्या मांडवी भागात एका रुग्णाच्या गाठी पाहून हा प्लेगच आहे, असे निदान करणारे डॉक्टर होते अकासियो गॅब्रिएल व्हिएगस. ते गोव्याच्या मातीतले, आपल्याच समाजातले. त्यांच्या निदानानंतर मुंबईत घरे धुण्याची, गटारांत जंतुनाशके सोडण्याची आणि रोग्यांचे सामान जाळण्याची मोहीम सुरू झाली. 1897 साली साथरोगांचा कायदा आला आणि सरकारी अधिकाऱ्यांच्या हाती अमर्याद सत्ता गेली.

पुण्यात त्या सत्तेने काय केले, हे सर्वज्ञात आहे. वॉल्टर रँड यांच्या देखरेखीखाली गोरे सोजीर घराघरांत शिरले. रोग्याला उचलून नेले. त्याचे अंथरूण-पांघरूण, कपडे व घरातील चीजवस्तू रस्त्यावर आणून जाळल्या. गरिबाच्या घरी गोधडी ही एकच ऊब असते. आईच्या जुन्या लुगड्यांची ती शिवण डोळ्यांदेखत पेटताना पाहून लोकांना आरोग्य दिसले नाही, अपमान दिसला. परिणाम असा झाला की, लोक रोगी लपवू लागले, मृत्यू लपवू लागले. संताप एवढा वाढला की, 22 जून 1897 च्या रात्री चापेकर बंधूंनी रँड यांच्यावर हल्ला केला आणि त्या जखमेने पुढे त्यांचा अंत झाला.

खेदाची गोष्ट अशी की, ज्या गोधड्यांची होळी झाली त्यांच्यापेक्षा मोठा शत्रू छपरात बसला होता. उंदराच्या अंगावरील पिसू प्लेग पसरवते, हे पॉल-लुई सिमाँ यांनी 1898 साली कराचीत दाखवून दिले. पण ते सर्वमान्य व्हायला आणखी काही वर्षे जावी लागली. म्हणजे नीट पाहण्याआधीच जाळणे झाले होते.

त्याच काळात सेवेचेही एक चित्र आपल्यासमोर आहे. पुण्याबाहेरील माळावर डॉ. यशवंत फुले यांनी उघडलेल्या दवाखान्यात सावित्रीबाई रुग्णांना आणीत होत्या. एका प्लेगग्रस्त मुलाला पाठीवर घेऊन येताना त्यांना संसर्ग झाला आणि 10 मार्च 1897 रोजी त्यांची प्राणज्योत मालवली. रोग्याला स्पर्श करणाऱ्या हातांना संरक्षण हवे, याची याहून करुण साक्ष दुसरी कोणती?

आमच्या कोल्हापुरात 1891 साली मिरजेहून आगगाडी आली होती. शतकाच्या अखेरीस प्लेग संस्थानातही पोहोचला. शाहू महाराजांनी वस्ती मोकळी करून लोकांना बाहेर झोपड्यांत राहण्यास लावले आणि त्यासाठी दरबाराची मदतही पुढे केली. सक्ती तिथेही होती. परंतु डोक्यावरचे छप्पर सोडायला सांगणाऱ्याने दुसऱ्या छपराची काळजी घेतली होती. हा फरक लहान नव्हे.

पुढे काळ पालटला. आमच्या लहानपणी कंपाउंडर स्टोव्हवर स्टीलच्या डबीत काचेची सिरिंज व सुया उकळत असत. ते बुडबुडे पाहूनच आम्ही रडू लागायचो! त्या पद्धतीत उकळण्याची हयगय झाली तर धोका होता. पण कचरा जवळजवळ नव्हता. 1986 साली भारतात एड्सच्या विषाणूचा शोध लागला आणि एकदाच वापरून टाकण्याच्या प्लॅस्टिक सिरिंजचा प्रसार वाढत गेला. रुग्ण सुरक्षित झाला. मात्र टाकलेली सुई कुठे जाते, हे विचारायला आपण विसरलो. 2009 साली गुजरातमधील मोडासा परिसरात कावीळ-ब ची भीषण साथ पसरली, तेव्हा वापरलेल्या सिरिंज पुन्हा वापरात आल्याचे उघड झाले आणि अनेकांचा बळी गेला.

न्यायालय व शासन यांना जाग आली होती ती त्याआधीच. 1 मार्च 1996 रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतील कचऱ्यासंबंधीच्या खटल्यात मोठ्या रुग्णालयांना कचरा जाळण्याच्या भट्ट्या बसविण्यास सांगितले. 1998 च्या जुलैत देशभरासाठी जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम आले. पण नुसते जाळणे हाही उपाय नव्हे, हे लवकरच कळले. प्लॅस्टिक जाळले की डायॉक्सिनसारखी विषे हवेत जातात. म्हणून 2016 च्या नव्या नियमांनी भर दिला तो वेगळे करण्यावर. रक्ताने माखलेले बोळे व शरीराचे अवयव पिवळ्या पिशवीत, ते भट्टीत जातात. सलाईनच्या नळ्यांसारखे दूषित प्लॅस्टिक लाल पिशवीत, ते वाफेच्या दाबाने निर्जंतुक करून तुकडे केले जाते. सुया व पाती न भोसकणाऱ्या पांढऱ्या डब्यात. काच निळ्या खुणेच्या खोक्यात. कचरा हाताळणाऱ्यांना कावीळ-ब व धनुर्वाताची लस देणेही त्यात बंधनकारक झाले. लसीकरणाची आणि रक्तदानाची शिबिरेही या नियमांखाली आली. आपल्या धर्मग्रामाच्या सभागृहात शिबिरे भरतात, तेव्हा हे ध्यानी ठेवावे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते रुग्णालयाच्या कचऱ्यापैकी सुमारे 15 टक्केच घातक असतो. उरलेला साध्या घरासारखाच. मात्र दोन्ही एकत्र केले की सारेच घातक होते. जागच्या जागी वेगळे करणे महत्त्वाचे, ते यासाठीच. दूषित सुई टोचली आणि लस घेतलेली नसली, तर कावीळ-ब चा संसर्ग शंभरात तीसपर्यंत जणांना होऊ शकतो. शिवाय आमचे शहर पंचगंगेच्या काठचे. 2005, 2019 आणि 2021 च्या महापुरांनी आपल्याला शिकविले आहे की, नदीकाठी टाकलेले कायमचे जात नाही. ते पुराबरोबर उंबऱ्याशी परत येते.

आज रुग्णालयांना नियम आहेत, तपासणी आहे. परंतु अनेक रुग्णांची शुश्रूषा आता घरीच होते, आणि घराच्या दाराशी तपासनीस उभा नसतो. सोजिरांनी गरिबाची गोधडी न विचारता जाळली, याचा आपल्याला आजही राग येतो. पण आपली सुई न सांगता दुसऱ्या गरिबाच्या हाती देताना आपल्याला काहीच वाटत नाही. दोहोंत एक समान धागा आहे. ज्याच्यावर संकट येते, त्याला कोणी माणूस म्हणून विचारात घेतले नाही.

पुढच्या महिन्यात आम्ही त्याच घरी पुन्हा गेलो. आधीच्या भेटीनंतर सूनबाईंशी याविषयी बोलणे झाले होते. खिडकीत जाड प्लॅस्टिकची, घट्ट झाकणाची एक रिकामी बाटली दिसली. तिच्यावर चिकटपट्टी लावून मोठ्या अक्षरांत लिहिले होते : ‘सुया. हात लावू नये.’ बाटली भरली की ती आपल्या डॉक्टरांच्या दवाखान्यात नेऊन द्यायची, असे त्यांनी ठरविले होते. जखमेच्या पट्ट्या कागदात गुंडाळून वेगळ्या ठेवल्या होत्या. घंटागाडी आली तेव्हा सूनबाई स्वतः खाली उतरल्या, त्या बाईंच्या हाती दोन पुड्या वेगवेगळ्या दिल्या आणि कशात काय आहे ते सांगितले. त्या बाईंनी मान हलविली आणि हातमोजे चढविले.