नाव नसलेली कुपी



सैन्यात एक जुना दंडक आहे. माहिती ज्याला लागते त्यालाच द्यायची, आणि तीही कामापुरतीच. दवाखान्यातल्या संशोधनालाही तो लागू पडतो. आपल्या देशाने तो एचआयव्हीच्या काळात कसा गिरवला, ते आज पाहू.

१९८६ साली मद्रासमध्ये डॉ. सुनीती सॉलोमन (माहेरच्या गायतोंडे) यांच्या पथकाने देशातली एचआयव्हीची पहिली लागण शोधली. रोग किती पसरला हे कळल्याशिवाय लढायचे कसे? पण नाव फुटले तर माणसाचे घर, नोकरी, सोयरीक सगळेच जाण्याची भीती.

त्यावर एक तोड निघाली. १९९८ पासून देशभर नियमित पाहणी सुरू झाली. गर्भवती स्त्रिया दवाखान्यात येत, तेव्हा सिफिलिसच्या नेहमीच्या तपासणीसाठी रक्त घेतले जाई. त्यातल्याच थोड्या रक्ताच्या कुपीवरून नाव-पत्ता काढून मग एचआयव्ही तपासत. सोबत वय, शिक्षण अशी मोजकीच माहिती राही. एका केंद्रातून साधारण ४०० नमुने.

गुप्तता पक्की झाली, पण तिची किंमतही होती. एखाद्या कुपीत विषाणू सापडला, तरी ती कुणाची हे डॉक्टरलाही कळत नसे. त्या बाईला कोण सांगणार? बाळाला लागण होऊ नये म्हणून औषधे मिळू लागली, तसा हा प्रश्न जास्तच टोचू लागला. म्हणून जिला स्वतःचा निकाल हवा तिच्यासाठी वेगळी समुपदेशन व तपासणी केंद्रे असणे अत्यावश्यक ठरले.

१९९८ सालीच सर्वोच्च न्यायालयापुढे 'मिस्टर एक्स' यांचा खटला आला. रक्तदानाच्या वेळी त्यांची लागण कळली, बातमी बाहेर गेली आणि ठरलेले लग्न मोडले. न्यायालयाने गुप्ततेचे महत्त्व मान्य केले, पण नियोजित वधूच्या जिवाचा हक्क त्याहून वरचा मानला आणि रुग्णालयाला दोषी धरले नाही.

पुढे २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने नियम आखून दिले. रुग्णाच्या संमतीशिवाय त्याची लागण उघड करायची नाही. अपवाद मोजके, तेही कायद्यात लिहिलेले. नोंदी ठेवणाऱ्या संस्थेवर त्या जपण्याची जबाबदारी आली. हा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे.

एक धोका मात्र उरतोच. लहान गावात नाव खोडून भागत नाही. 'वय ३४, ट्रकचालक, अमुक वाडी' एवढे लिहिले की चावडीवर माणूस ओळखू येतो. नकाशावर गावाचे नाव नसले, तरी नदीचे वळण पाहून जाणकार ठिकाण सांगतोच की!

तेव्हा तुम्ही इंदूरला असा, बडोद्याला की हैदराबादला, दवाखान्यात संशोधनाच्या कागदावर सही मागितली तर तीन गोष्टी विचारा. माझी कोणती माहिती घेणार? ती कोण पाहणार? आणि माझ्या उपयोगाचे काही निघाले तर मला कळवणार का? उत्तर नीट मिळाले तर खुशाल सही करा. अशा सह्यांवरच पुढच्या पिढीचे औषध उभे राहते.

जय हिंद.