बहिष्कार घालणाऱ्यांवर बहिष्कार

२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकच्या दिवसांत आमच्या वस्तीतल्या अभ्यासवर्गाला पोरं येईनाशी झाली. सगळी टीव्हीला चिकटलेली. आमचा एक कार्यकर्ता भडकला. म्हणाला, "तिथं आपल्या बापाचं काय आहे? कंपन्यांचा बाजार, कोट्यवधींचा तमाशा! जिंकलं तर देशाचं, हरलं तर जातीचं." (तमाशाला उगाच नावं ठेवू नयेत. तो आपल्याच माणसांनी जगवला.)

शेवटचं वाक्य त्यानं हवेतून काढलेलं नव्हतं. ४ ऑगस्ट २०२१ ला टोकियोत भारताच्या मुली हॉकीच्या उपांत्य सामन्यात अर्जेंटिनाकडून हरल्या. इकडे हरिद्वारजवळच्या रोशनाबाद गावात वंदना कटारियाच्या दारात काहीजणांनी फटाके फोडले, नाचले, जातीवरून शिव्या दिल्या. संघात दलित जास्त झाले म्हणून हरलो, म्हणे. पोलिसांत गुन्हा नोंदला गेला, अटकाही झाल्या. चारच दिवस आधी याच पोरीनं एका सामन्यात तीन गोल केले होते. ऑलिंपिकमध्ये हॅट्ट्रिक करणारी ती पहिली भारतीय बाई. त्या तीन गोलांवरच संघ पुढं टिकला होता.

मला मात्र यातली दुसरीच गोष्ट टोचते. ते तीन गोल झाले दक्षिण आफ्रिकेविरुद्ध. आणि हा देश १९६४ पासून १९९२ पर्यंत ऑलिंपिकच्या बाहेर होता. का? तर काळ्यांना गोऱ्यांसोबत खेळू देत नव्हता म्हणून.

बहिष्कार म्हणजे काय हे आपल्याला कुणी शिकवायला नको. पाणी बंद, दुकान बंद, दळण बंद. गावानं ठरवलं की संपलं. बाबासाहेबांनी १९२७ साली पत्राचं नावच 'बहिष्कृत भारत' ठेवलं. पण दक्षिण आफ्रिकेच्या बाबतीत हे हत्यार उलटं फिरलं. बहिष्कार घालणाऱ्यांवरच जगानं बहिष्कार घातला.

बेसिल डॉलिव्हिएराची गोष्ट पोरांना सांगावी. केपटाउनचा क्रिकेटपटू. तिकडच्या वर्गवारीत 'कलर्ड', म्हणून गोऱ्यांच्या संघाची दारं बंद. १९६० साली, ज्या वर्षी शार्पव्हिलला पोलिसांनी ६९ माणसं गोळ्या घालून मारली, त्या वर्षी हा इंग्लंडात गेला. क्लबात खेळला, आणि १९६६ मध्ये थेट इंग्लंडच्या कसोटी संघात. ऑगस्ट १९६८, ओव्हलचं मैदान, ऑस्ट्रेलियाविरुद्ध १५८ धावा! पुढचा दौरा दक्षिण आफ्रिकेचा. आणि निवडलेल्या संघात याचं नावच नाही. साहेबाची सभ्यता ती हीच. ओरड झाली. मग एक गोलंदाज जखमी होऊन गळला आणि याला घेणं भाग पडलं. पंतप्रधान फोर्स्टरनं सांगितलं, असला संघ आम्हाला नको. दौरा रद्द. १९७० पासून तो देश आंतरराष्ट्रीय क्रिकेटातूनच बाहेर पडला, तो १९९१ साली परत आला. पहिला सामना कुठं खेळला? भारतात, कलकत्त्याला.

ऑलिंपिकवाल्यांनाही दया आली नव्हती. १९६८ च्या मेक्सिकोसाठी त्यांनी दक्षिण आफ्रिकेला परत बोलावलंच होतं. आफ्रिकेतल्या देशांनी, अमेरिकेतल्या काळ्या खेळाडूंनी, आम्ही येणार नाही म्हणून दम भरला, तेव्हा आमंत्रण मागं घेतलं. त्याच मेक्सिकोत टॉमी स्मिथ आणि जॉन कार्लोस यांनी विजयमंचावर काळ्या हातमोज्याची मूठ वर केली आणि संघातून हाकलले गेले. आपल्यातले बरेचजण त्यांना ब्लॅक पँथर समजतात. ते पँथर नव्हते. मानवी हक्कांसाठी काळ्या खेळाडूंनी उभारलेल्या वेगळ्या चळवळीतले होते.

आता आपल्या देशाकडं या. १९७४. डेव्हिस कपात भारतानं कलकत्त्यात ऑस्ट्रेलियाला हरवलं, मग रशियालाही हरवलं, आणि अंतिम सामना आला दक्षिण आफ्रिकेशी. भारतानं खेळायला नकार दिला. हाताशी आलेला कप वर्णद्वेषाच्या निषेधात सोडला. मी टिंगल करत नाही, ते मोठंच काम होतं. पण याच १९७४ च्या जानेवारीत मुंबईत काय चाललं होतं? ५ तारखेला वरळीत दलित पँथरच्या सभेवरून दंगल पेटली. १० तारखेच्या मोर्चात वरून टाकलेल्या दगडानं भागवत जाधव गेला. जोहान्सबर्गमधल्या काळ्या माणसासाठी कप सोडणाऱ्या देशाला वरळीची चाळ दिसत नव्हती.

आणि बाहेरच्यांनाही दिसत नव्हती. पालवणकर बाळू चांभाराचा पोर. १९११ साली पहिल्या भारतीय संघातून इंग्लंडला गेला, दौऱ्यात ११४ बळी घेतले. पुण्यात याच बाळूला चहा पॅव्हेलियनबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. हिंदूंच्या संघाचा कप्तान म्हणून त्याला कधी नेमलं नाही. (१९३७ ला तो काँग्रेसकडून बाबासाहेबांविरुद्ध उभा राहिला आणि पडला, तेही लपवायचं कारण नाही.) त्या मातीच्या भांड्यासाठी जगातल्या कुठल्या संघानं दौरा रद्द केला?

१९४६ मध्ये भारतानं दक्षिण आफ्रिकेची तक्रार संयुक्त राष्ट्रसंघात नेली, तेव्हा ते सरकार म्हणालं, हा आमचा अंतर्गत प्रश्न. २००१ साली, त्याच दक्षिण आफ्रिकेत, डर्बनच्या वंशवादविरोधी परिषदेत आपली माणसं जातीचा प्रश्न घेऊन गेली, तेव्हा भारत सरकार तेच म्हणालं.

खेळाच्या बहिष्कारानं वर्णद्वेष पडला असं कुणी समजू नये. तो पाडला तिथल्या लोकांनी, सोवेटोच्या शाळकरी पोरांनी, रक्त देऊन. पण मैदानात कुणी आपल्याशी खेळेना, ही शरम गोऱ्यांना घरात बसून सोसावी लागली. म्हणून मी त्या कार्यकर्त्याला म्हणालो, बाजार आहे हे खरं, पण बाजारात अब्रूची किंमत असते. ज्याला जगापुढं मिरवायचंय त्याला तिथंच धरता येतं.

ऑक्टोबर २०२४ मध्ये भारतानं २०३६ च्या ऑलिंपिकचं यजमानपद मागणारं पत्र दिलं. ऑलिंपिकची एक सनद आहे. भेदभाव कशाकशावरून करू नये याची तिच्यात यादी आहे. वंश, रंग, धर्म, आणि त्यात 'जन्म' हाही शब्द आहे. जात हा शब्द नाही. ते कलम मराठीत करून पुढच्या वर्गाला वाटायचं ठरलंय. काम त्या भडकलेल्या कार्यकर्त्यानंच अंगावर घेतलंय. वर्गही आता सामना संपल्यावर, टीव्हीच्या खोलीतच भरतो.