डार्विनच्या कुंडीतली गांडुळे

आपल्या मराठीत एखाद्याला कमी लेखायचे असेल तर त्याला गांडूळ म्हणतात. पाठीला कणा नाही आणि स्वतःचे काही मत नाही, असा त्याचा अर्थ. राजकीय सभांमध्ये ही शिवी हमखास टाळ्या मिळवते. पण या कणा नसलेल्या जिवाकडे एका माणसाने आयुष्यभर आदराने पाहिले. तो माणूस म्हणजे चार्ल्स डार्विन.

डार्विन १८३६ मध्ये 'बीगल' जहाजाच्या प्रवासाहून इंग्लंडला परतला. पुढच्या वर्षी तो मेअर गावी मामाकडे, जोसाया वेजवुडकडे गेला होता. मामाने त्याला एक कुरण दाखवले. तिथे काही वर्षांपूर्वी चुना आणि राख पसरली होती. आता वर छान गवत होते आणि चुन्याचा थर काही इंच खाली गेला होता. कोणी माती टाकली नव्हती, नांगरही फिरवला नव्हता. हे काम गांडुळांचे असावे, असे मामाचे म्हणणे. ती खालची माती खातात आणि विष्ठेच्या रूपाने वर आणून टाकतात. नोव्हेंबर १८३७ मध्ये डार्विनने यावर लंडनच्या भूगर्भशास्त्र संस्थेत निबंध वाचला.

लोकांना ते पटले नाही. एवढासा दुबळा जीव इतके प्रचंड काम कसे करेल, असा आक्षेप १८६९ मध्येही एका बागकामाच्या नियतकालिकात छापून आला. डार्विनकडे उत्तर तयार होत होते. १८४२ मध्ये त्याने डाउन येथील घराजवळच्या शेतात खडूच्या दगडाचा चुरा पसरून ठेवला होता. १८७१ मध्ये तिथे चर खणला, तेव्हा पांढऱ्या खड्यांची रेघ ७ इंच खोल सापडली. एका प्रयोगाच्या निकालासाठी माणूस २९ वर्षे थांबला!

म्हातारपणी त्याने गांडुळे कुंड्यांत भरून अभ्यासिकेत आणली. भोवतालच्या बदलाला ती कसा प्रतिसाद देतात, हे त्याला पाहायचे होते. शिट्टी फुंकली, बॅसून वाजवले, कुंडीजवळ पियानो वाजवला. गांडुळे ढिम्म. त्यांना ऐकूच येत नाही. मग कुंड्या थेट पियानोवर ठेवल्या आणि खर्जातला एक स्वर दाबला. गांडुळे झटकन बिळात शिरली. कान नसले तरी कंप त्यांच्या अंगाला कळतो. तोंडाने हलकी फुंकर मारली तरी ती आत सरकत.

गांडुळाला डोळे नसतात, पण उजेड कळतो. रात्री एकदम प्रखर उजेड पडला की ती बिळात पळत. मात्र एखादे गांडूळ पान ओढण्यात गुंतलेले असले तर त्याच उजेडाकडे ते लक्ष देत नसे. डार्विन इथे थांबला. प्रतिसाद जर निव्वळ यांत्रिक असता तर तो दर वेळी सारखाच हवा होता. काम चालू असताना उजेडाचा विसर पडतो, म्हणजे 'लक्ष' नावाची गोष्ट इथे आहे. आणि लक्ष असेल तर मन नाहीच, असे ठामपणे कसे म्हणायचे?

थंडी आणि कोरडेपणा यांपासून वाचण्यासाठी गांडुळे खोल जातात आणि वेटोळे करून पडून राहतात. बिळाचे तोंड ती पानांनी बंद करतात. बिळांतून काढलेल्या २२७ पानांपैकी १८१ पाने निमुळत्या टोकाकडून ओढलेली होती. ही जन्मजात सवय असेल म्हणून डार्विनने कागदाचे त्रिकोण कापून टाकले. असा कागद गांडुळांच्या पूर्वजांनी कधी पाहिला नव्हता. तरीही ३०३ त्रिकोणांपैकी ६२ टक्के त्रिकोण त्यांनी टोकाकडूनच आत ओढले. नवी वस्तू समोर आली, तर तिचा आकार चाचपून ती पुढचे ठरवत होती.

१८७७ मध्ये, वयाच्या ६८ व्या वर्षी, डार्विन स्टोनहेंजला गेला. तिथले पडलेले प्रचंड दगड जमिनीत किती रुतले, हे त्याला मोजायचे होते. सरे परगण्यातील अॅबिंजर येथे रोमन काळातील घराचे अवशेष निघाले, तिथलीही त्याने पाहणी केली. जुन्या फरशा, नाणी, भिंतींचे पाये वर्षानुवर्षे मातीखाली झाकून गांडुळांनी जपले होते. पुरातत्त्व अभ्यासकांनी त्यांचे ऋणी राहावे, असे त्याचे मत होते. इतिहास लिहिणाऱ्यांमध्ये मला हा विचार फार मोलाचा वाटतो. राजांनी बांधले ते आपल्याला दिसते. ज्यांनी ते झाकून जपले, त्यांची नोंद कोण ठेवतो?

ऑक्टोबर १८८१ मध्ये गांडुळांवरचे त्याचे पुस्तक आले. ते त्याचे शेवटचे पुस्तक. एप्रिल १८८२ मध्ये तो वारला. इंग्लंडच्या अनेक भागांत दर एकरी दरवर्षी दहा टनांहून अधिक माती गांडुळांच्या पोटातून जाते, असा हिशेब त्यात आहे. आणखी एक आकडा तो जर्मन अभ्यासक हेन्झेनकडून घेतो. बागेत एकरी ५३,७६७ गांडुळे, आणि धान्याच्या शेतात त्याच्या निम्मी. जमीन वारंवार उलथली की ती कमी होतात, हे तेव्हाच दिसत होते.

आपल्याकडे उन्हाळ्यात ती खोल दडी मारतात आणि पावसाबरोबर वर येतात. गांडूळ कातडीने श्वास घेते. ती कातडी ओली राहिली तरच ते जगते. म्हणून मातीत जे काही मिसळते, ते आधी त्याच्या अंगाला लागते. माती बिघडली की ते ओरडत नाही, अर्ज करत नाही. जमले तर खोल जाते, नाहीतर मरते. त्याचा प्रतिसाद एवढाच असतो. पाऊस पडूनही शेतात गांडूळ दिसले नाही, तर ते त्याने दिलेले उत्तर समजावे. ते वाचायला डार्विनसारखे वाकून मातीकडे पाहावे लागते. कणा असलेल्यांना तेवढे वाकायला काय हरकत आहे?