सीडीवरील फाइलींची नावे आणि देवनागरी : एक टिपण

प्रस्तावना

राइट करता येणारी सीडी आता दुकानांतून जवळजवळ दिसेनाशी झाली आहे. तरीही घरोघरी आणि ग्रंथालयांत त्या काळच्या सीडी पडून आहेत. त्यांवर प्रबंध आहेत, पत्रे आहेत, छायाचित्रे आहेत. या सीडी उघडताना एक चमत्कारिक अनुभव येतो. एकच सीडी एका संगणकावर फाइलींची मराठी नावे दाखवते, तर दुसऱ्यावर नुसत्या आडव्या रेघा किंवा प्रश्नचिन्हे. सीडीवर फाइली मांडण्याच्या पद्धती, म्हणजे फाइल सिस्टीम, एकाहून अधिक होत्या, हे याचे कारण आहे. त्या का निर्माण झाल्या आणि त्यांतून मराठी नावाला जागा कशी मिळाली, हे प्रस्तुत टिपणात पाहू.

1. सदतीस चिन्हांचा नियम

ध्वनिमुद्रणाची सीडी फिलिप्स आणि सोनी यांनी 1982 मध्ये बाजारात आणली. पुढे तिच्यावर संगणकीय माहितीही साठवली जाऊ लागली. अशी सीडी सेक्टरांत विभागलेली असते आणि सामान्यतः एका सेक्टरात 2048 बाइट माहिती मावते. सेक्टरला फाइल म्हणजे काय हे ठाऊक नसते. कोणती फाइल कोणत्या सेक्टरपासून सुरू होते, हे फाइल सिस्टीमची यादी सांगते.

सुरुवातीला प्रत्येक कंपनीची यादी वेगळी होती. म्हणून 1985 मध्ये अमेरिकेतील लेक ताहो येथे ‘हाय सिएरा’ नावाच्या हॉटेलात कंपन्यांचे प्रतिनिधी जमले. त्यांच्या मसुद्यातून 1988 मध्ये आयएसओ 9660 हे आंतरराष्ट्रीय मानक तयार झाले. सीडी कोणत्याही संगणकावर वाचता यावी, हा त्यामागचा हेतू. त्यासाठी नियम सर्वांत साध्या संगणकाला झेपेल असा ठेवला गेला. पहिल्या पातळीवर नावाला 8 आणि विस्ताराला 3 अक्षरे, तीही रोमन मोठी 26 अक्षरे, 10 अंक आणि एक अधोरेषा यांतूनच निवडायची. एकूण चिन्हे 37. त्यांत देवनागरी नव्हती, तशी फ्रेंच किंवा जर्मन भाषेतील खुणांची अक्षरेही नव्हती.

2. कोरी सीडी आणि पर्यायांची गरज

सीडी कारखान्यातच छापली जात होती तोवर हे चालून गेले. 1990 मध्ये ‘ऑरेंज बुक’ या मानकाने एकदाच लिहिता येणाऱ्या सीडीचे नियम ठरवले. हळूहळू सीडी राइटर दुकानांत आणि मग घरांत आला. आता फाइलींना नावे देणारा माणूस प्रकाशक नव्हता, सामान्य वापरणारा होता.

पर्याय शक्य झाले ते एका साध्या गोष्टीमुळे. राइटरला फक्त सेक्टर लिहायचे असतात. त्यांत कोणती फाइल सिस्टीम आहे याच्याशी त्याला कर्तव्य नसते. लिनक्सवर हार्ड डिस्कसाठी असलेली एक्स्ट-टू ही फाइल सिस्टीमसुद्धा सीडीवर उतरवता येते. मात्र ती आधी पूर्ण प्रतिमा म्हणून तयार करावी लागते आणि नंतर केवळ वाचता येते. हार्ड डिस्कवर यादी जागच्या जागी बदलते. एकदाच लिहिता येणाऱ्या सीडीवर ते शक्य नाही.

3. तीन उपाय

रॉक रिज : युनिक्स वापरणाऱ्यांनी काढलेल्या या उपायात आयएसओ 9660 च्या नोंदींमधील राखीव जागेत लांब नाव लिहिले जाते. नावाची मर्यादा साधारण 255 बाइट. ते कोणत्या लिपीसंकेतात आहे हे मात्र नोंदवले जात नाही.

जोलिएट : मायक्रोसॉफ्टने 1995 मध्ये आणलेल्या या उपायात मूळ यादीशेजारी दुसरी यादी ठेवली जाते. दोन्ही याद्या त्याच फाइलींकडे बोट दाखवतात. दुसऱ्या यादीतील नावे युनिकोडमध्ये, प्रत्येक चिन्हाला 2 बाइट आणि जास्तीत जास्त 64 चिन्हे.

यूडीएफ : ही स्वतंत्र फाइल सिस्टीम. 1997 च्या 1.50 आवृत्तीत एकदाच लिहिता येणाऱ्या सीडीसाठी वेगळी सोय झाली. बदल झाला की नवी सारणी शेवटी लिहायची आणि शेवटची सारणीच खरी मानायची. त्यामुळे जुने न पुसताही फाइल बदलल्यासारखी दिसते.

4. मराठी नावाचे गणित

युनिकोडमध्ये देवनागरी 1991 पासूनच आहे आणि तिची मांडणी भारतीय ‘इस्की’ संकेतावर बेतलेली आहे. म्हणजे जोलिएट आले तेव्हा मराठी नावाला जागा तयार होती. पण विंडोजमध्ये युनिकोड देवनागरीची सोय विंडोज 2000 पासून आली. तोवर मराठी मजकूर बहुधा खास फाँटांत लिहिला जाई आणि फाइलीचे नाव रोमनमध्येच राही.

एक कल्पित उदाहरण घेऊ. जबलपूरच्या विजय नगरमधील एका मराठी कुटुंबाने 2003 मध्ये विंडोज एक्सपीवर ‘आजोबांची पत्रे’ नावाची फाइल सीडीवर राइट केली. या नावात मात्रा, अनुस्वार, हलन्त आणि मोकळी जागा धरून 14 चिन्हे आहेत. जोलिएटमध्ये त्यांना 28 बाइट लागतात, म्हणजे 64 च्या मर्यादेत नाव आरामात बसते. रॉक रिजमध्ये यूटीएफ-8 वापरल्यास 40 बाइट लागतात. मूळ आयएसओ यादीत मात्र यांतले एकही चिन्ह चालत नाही. तेथे सीडी राइट करणारा प्रोग्रॅम अधोरेषांसारखे पर्यायी नाव घालतो.

आता वाचणाऱ्या संगणकाकडे पाहू. विंडोज जोलिएटची यादी वाचते. लिनक्सला रॉक रिज सापडले तर ते त्याला प्राधान्य देते. फक्त जोलिएट असेल आणि लिपीसंकेत नीट सांगितला नसेल, तर तेथे प्रश्नचिन्हे दिसू शकतात. केवळ मूळ यादी ओळखणाऱ्या यंत्रावर आजोबांची पत्रे उघडतात, पण ती कोणाची हे नावावरून कळत नाही.

समारोप

सर्वांना वाचता यावे म्हणून केलेल्या मानकात सर्वांना लिहिता येण्याची सोय नव्हती. पर्यायी फाइल सिस्टीमांनी मूळ यादी न मोडता ती शेजारी उभी केली. जुन्या सीडींचे जतन करताना याचा व्यावहारिक अर्थ असा : आधी संपूर्ण सीडीची सेक्टरनिहाय प्रतिमा घ्यावी आणि फाइली नंतर उतरवाव्यात. नुसत्या फाइली उतरवल्या तर हाती एकाच यादीतील नावे येतात. प्रतिमेत सर्व याद्या राहतात आणि हरवलेले वाटणारे नाव पुन्हा शोधता येते.

स्वाध्याय

1. आपल्या नावातील युनिकोड चिन्हे मोजा. जोलिएटमध्ये त्याला किती बाइट लागतील?
2. सर्वांत साध्या यंत्राला झेपेल असे मानक ठरवण्याचे फायदे-तोटे सांगा.